लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद

इ. स. १८८३ या एकाच वर्षी दोन दूरच्या गावी दोन मुलांचा जन्म झाला. एक ३० ऑगस्ट रोजी गुजरातेत, बडोद्याजवळच्या डभोई या गावी. दुसरा ९ डिसेंबर रोजी जर्मनीत, म्युनशनग्लाडबाख या शहरी. पहिला मराठी मास्तरांचा मुलगा, त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. दुसऱ्याचे नाव जोसेफ पिलाटेस. पहिल्याला पुढे जग स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखू लागले, आणि दुसऱ्याचे आडनाव आज एका व्यायामप्रकाराचेच नाव होऊन बसले आहे. आज अमेरिकेतील कितीतरी कॉलेजांत योग आणि पिलाटेस हे दोन विषय एकाच वर्गात, एकाच चटईवर शिकवले जातात. पिलाटेस कोण होता हे तेथील विद्यार्थ्यांना निदान नावावरून तरी कळते. योग प्रयोगशाळेत नेऊन तपासणारा आणि त्याला शाळा-कॉलेजाच्या वेळापत्रकात बसवणारा मराठी माणूस मात्र त्यांना ठाऊक नसतो. खरे सांगायचे तर आपल्या बेटावरील मराठी घरांतही तो फारसा ठाऊक नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र.

जगन्नाथाचे वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक, आई सरस्वतीबाई घर सांभाळणाऱ्या. घरी गरिबी होती. मुलाचे शिक्षण दुसऱ्यांच्या मदतीवर आणि शिष्यवृत्तीवर झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बडोद्याचे राज्य मराठ्यांचे, गायकवाडांचे, पण मुलूख गुजराती. बाजारात गुजराती, घरात मराठी, शाळेत संस्कृत आणि इंग्रजी, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. मूळच्या प्रदेशाबाहेर राहून मराठी टिकवणारी कुटुंबे केवळ समुद्रापलीकडेच असतात असे नाही. आपल्या पूर्वजांनी कोकण सोडून मॉरिशसची वाट धरली, तशी दुसऱ्या अनेकांनी गुजरात, माळवा, तंजावर येथे घरे केली. गुणे त्यांपैकीच एक.

१९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत जगन्नाथाला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी संस्कृतात पहिला येणाऱ्यास ती मिळे आणि तिचा मान मोठा होता. तिच्या बळावर तो बडोदा कॉलेजात गेला आणि १९१० साली पदवीधर झाला. त्याच्या विद्यार्थिदशेत, १९०६ पर्यंत, अरविंद घोष बडोद्यात होते. कॉलेजात शिकवता शिकवता ते राष्ट्रकार्यात ओढले जात होते. तिकडे पुण्याहून लोकमान्य टिळकांचा आवाज सर्व महाराष्ट्रभर पोचला होता. या दोघांचा तरुण गुण्यांवर खोल परिणाम झाला. लग्न करायचे नाही, जन्मभर ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करायची, असा निश्चय त्यांनी तरुणपणीच केला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

१९०७ ते १९१० या वर्षांत पुस्तकांबरोबर दुसरे एक शिक्षण चालले होते. बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा प्रसिद्ध होती. ती त्या वेळी प्रोफेसर माणिकराव चालवीत. माणिकराव म्हणजे मोठे तालेवार माणूस. हाडे बसवण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी भाषेतील आज्ञा रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या हाताखाली गुण्यांनी जोर, बैठका, मलखांब, लाठी असा देशी व्यायाम पुरता आत्मसात केला. पुढे योगी म्हणून नाव झाले तरी त्यांच्यातील तालमीचा विद्यार्थी कधी नाहीसा झाला नाही. शरीर कमावलेल्या माणसाने योगाचा विचार केला, म्हणून तो इतका व्यवहारी झाला, असे मला वाटते. नुसत्या पोथ्या वाचून तसे झाले नसते.

शिक्षण आटोपल्यावर गुणे खानदेशात अमळनेरला गेले. तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले आणि १९१६ साली ते तेथील नॅशनल कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. (ज्या साने गुरुजींची श्यामची आई आपण बैठकांमध्ये मुलांना वाचून दाखवतो, ते गुरुजीही १९२४ पासून काही वर्षे अमळनेरलाच शिक्षक होते. एकाच लहान गावाने मराठीला दोन असे शिक्षक दिले.) गुणे विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचा अभ्यास शिकवीत. पण कॉलेजात राष्ट्रीय वृत्तीचे वारे वाहत होते, ते इंग्रज सरकारला मानवणारे नव्हते. १९२० साली कॉलेज बंद पडले.

शिक्षकाच्या पेशात असणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहावा. वय सदतीस. संसार नाही, साठवलेला पैसा नाही, ज्या संस्थेसाठी आयुष्य द्यायचे ठरवले तिच्या दाराला कुलूप. अशा वेळी पुष्कळ माणसे खचतात. गुण्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच घडून गेली होती. १९१९ साली नर्मदेच्या काठी मालसर या गावी त्यांना परमहंस माधवदासजी भेटले होते. हे बंगालकडचे वृद्ध योगी. त्यांचे वय शंभरावर गेले आहे असे लोक मानीत. त्यांच्यापाशी राहून गुण्यांनी सुमारे दोन वर्षे योगाचे शिक्षण घेतले. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला.

याच माधवदासजींच्या दुसऱ्या एका शिष्याचाही येथे उल्लेख करायला हवा. तो म्हणजे गुजराती तरुण मणिभाई देसाई, पुढचे श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईजवळ वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली आणि १९१९ साली ते अमेरिकेस गेले. तेथे न्यूयॉर्क राज्यात त्यांनी काही काळ योगाचे काम केले. मालसरच्या एका झोपडीतून निघालेले दोन शिष्य, एक थेट अमेरिकेला गेला, दुसरा लोणावळ्याला बसला आणि अमेरिका त्याच्याकडे आली. ते कसे, हे पुढे येईलच.

गुणे गुरूंकडे जे शिकले ते त्यांनी श्रद्धेने घेतले. पण त्यांचे मन संस्कृताच्या पंडिताचे तसेच नव्या विद्येत तयार झालेल्या पदवीधराचे होते. एखाद्या क्रियेने अमुक रोग जातो, तमुक शक्ती येते, असे ग्रंथांत लिहिलेले असे. ते खरे की खोटे, आणि खरे असेल तर शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग सुरू केले.

हे प्रयोग काय होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण गुण्यांच्या आयुष्याचे मर्म त्यांत आहे. योगात उड्डियान बंध म्हणून एक क्रिया आहे. श्वास पूर्ण बाहेर टाकायचा आणि छाती फुगवल्यासारखी करायची, पण हवा आत घ्यायची नाही. मग पोट एकदम खपाटीला जाते, जणू पाठीच्या कण्याला चिकटते. त्यानंतर पोटाचे मधले स्नायू तेवढे पुढे काढले आणि ते डावीकडून उजवीकडे फिरवले की ती नौली. बघणाऱ्याला हा चमत्कारच वाटतो. गुण्यांनी विद्यार्थ्यांना क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभे केले आणि या क्रियांच्या वेळी पोटात काय हलते, कोठे हलते, त्याची छायाचित्रे घेतली. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा पुरी तीस वर्षेही झाली नव्हती.

दुसरा प्रयोग त्याहून महत्त्वाचा. जुने योगी बस्ती नावाची क्रिया करीत. पाण्यात बसायचे आणि गुदद्वारातून पाणी आत ओढून मोठे आतडे धुवायचे. पाणी कसे ओढले जाते, याविषयी नाना समजुती होत्या. गुण्यांनी आतड्यातील दाब मोजण्यासाठी पाऱ्याची नळी लावली आणि नौली करायला सांगितली. पारा खाली गेला. म्हणजे नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि म्हणून बाहेरचे पाणी आपोआप आत चढते. आपण नळीने शरबत ओढतो त्यातलाच हा प्रकार. यात गूढ शक्ती नाही, पण माणसाने आपल्या स्नायूंवर मिळवलेला असा ताबा आहे की ज्याची डॉक्टरांनाही कल्पना नव्हती. या कमी दाबाला गुण्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. शिष्याने गुरूचे नाव मंदिराला देणे आपण पाहतो. पाऱ्याच्या नळीवर दिसणाऱ्या एका आकड्याला गुरूचे नाव देणारा शिष्य विरळा.

त्या काळी दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर टीका होण्यासारखी होती. जुन्या लोकांना वाटे, योग ही गुप्त विद्या, ती इस्पितळात आणि नळ्यांत कशाला न्यायची? नव्या शिकलेल्यांना वाटे, बैराग्यांचे हे प्रकार, यांत शास्त्र कसले? आणि स्वतः गुण्यांनीही एक धोका पत्करला होता. तपासायला निघाल्यावर जे निघेल ते मान्य करावे लागते. ग्रंथातील एखादी गोष्ट खोटी ठरली असती तर? मला त्यांचे मोठेपण येथे दिसते. उदाहरण म्हणून प्राणायाम घ्या. प्राणायामाने रक्तात पुष्कळ प्राणवायू जातो आणि त्यामुळे लाभ होतो, ही समजूत तेव्हा होती आणि आजही आहे. गुण्यांनी ही समजूत उचलून धरली नाही. प्राणायामाचे खरे मोल प्राणवायूच्या मापात नाही, मज्जासंस्थेला लागणाऱ्या शिस्तीत आहे, असे त्यांनी मांडले. आपल्या विद्येच्या बाजूचे म्हणून मिळेल ते प्रमाण पुढे करण्याचा मोह त्यांनी टाळला.

१९२४ साली दसऱ्याच्या सुमारास, मुंबई-पुणे रेल्वेवर बोरघाटाच्या माथ्याशी असलेल्या लोणावळ्यात, कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना झाली. आता गुणे स्वामी कुवलयानंद या नावाने लिहू लागले. आश्रम म्हटला की आपल्यापुढे धुनी, जटा आणि भगवी वस्त्रे येतात. येथे त्यांच्या जोडीला रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि क्ष-किरणांच्या काचा होत्या. त्याच वर्षी योगमीमांसा नावाचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्याची रचना मला, एक शिक्षक म्हणून, फार आवडते. एका विभागात प्रयोगांचे आकडे आणि चित्रे, दुसऱ्यात तेच सुशिक्षित वाचकाला समजेल अशा रीतीने, आणि तिसऱ्यात सामान्य माणसाने घरी काय करावे त्याच्या सोप्या सूचना. एकच पाठ तीन इयत्तांना शिकवावा तसे. पहिल्या काही वर्षांत सर्वांगासन, शीर्षासन करताना रक्तदाब कसा बदलतो याची मापेही त्यात आली.

या कामाचा बोभाटा लवकरच झाला. १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली होती. तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. कोणते आसन किती वेळ केले, काय जाणवले, हे गांधीजी त्यांना पत्राने कळवीत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हौस दोघांनाही सारखीच, त्यामुळे वैद्य आणि रोगी यांची ही जोडी जमली. (१९०१ साली आपल्या पोर्ट लुईला उतरून गेलेले हेच गांधी.) पण एवढ्या थोर माणसाच्या नावाची जाहिरात करून आश्रम वाढवावा, असे स्वामींनी केले नाही. १९३२ साली मुंबईत शाखा निघाली, आणि १९३६ पासून ती चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर या नावाने चालू लागली. कचेरीत जाणारे कारकून, व्यापारी, गिरगावातल्या गृहिणी सकाळी तेथे येऊन आसने करू लागल्या. आज योगाचे वर्ग म्हणून जे आपण पाहतो, त्याचे चित्र तेथे नव्वद वर्षांपूर्वी दिसत होते.

आता अमेरिकेकडे वळू. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येल विद्यापीठातून कोवूर बेहानन हे मूळचे केरळचे संशोधक लोणावळ्यास आले, स्वामींपाशी योग शिकले, आणि परत जाऊन त्यांनी स्वतःवर मानसशास्त्रातील चाचण्या केल्या. त्यांचे पुस्तक १९३७ साली निघाले. त्यातील सर्व निकाल योगाच्या बाजूचे नव्हते. प्राणायामानंतर लगेच बेरजा करण्यासारख्या कामाचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. तेही त्यांनी छापले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफीन रॅथबोन लोणावळ्यास येऊन राहिल्या. शिक्षकांना घडवणारी ही बाई, तिने योगातून शरीर सैल सोडण्याची विद्या उचलली. १९५७ साली आणखी काही अमेरिकी शास्त्रज्ञ हृदयाच्या आणि मेंदूच्या लहरी टिपणारी यंत्रे घेऊन हिंदुस्थानात फिरले, तेही लोणावळ्यास आले. काही योगी हृदय थांबवतात अशी ख्याती होती. यंत्राने दाखवले की मनगटाची नाडी लागेनाशी होते, हृदय मात्र चालूच असते. असे हे येणेजाणे चालले असताना स्वामींची भूमिका एकच राहिली. या, मोजा, आणि जे दिसेल ते लिहा.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये तो दुसरा, जर्मनीत जन्मलेला माणूस आपले काम करीत होता. जोसेफ पिलाटेसला लहानपणी दमा आणि मुडदूस हे विकार होते. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याने व्यायामाचे नाना प्रकार केले. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला कैद झाली आणि आयल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत ठेवण्यात आले. तेथे तो इतर कैद्यांना व्यायाम शिकवी. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि पत्नी क्लारा हिच्यासह त्याने एट्थ ॲव्हेन्यूवर व्यायामशाळा काढली. तेथे नर्तक आणि नर्तिका दुखावलेले सांधे घेऊन येत. त्याने आपल्या पद्धतीला स्वतःचे नाव दिले नव्हते, तो तिला कंट्रोलॉजी म्हणजे नियंत्रणाची विद्या म्हणे. पोट, कंबर आणि कणा यांवर ताबा, प्रत्येक हालचालीला बांधलेला श्वास, घाई नाही, घामाचा हव्यास नाही. कुवलयानंदांनी आसनांविषयी जे लिहिले ते याहून फार दूर नाही. आसन म्हणजे थकवणारी कसरत नव्हे, स्नायू हळू ताणून स्थिर राहणे होय, कणा लवचिक राहिला पाहिजे आणि पोटातील इंद्रियांना बळ आले पाहिजे. फरक मोठा आहे तो ध्येयात. पिलाटेस निरोगी, चपळ शरीरापाशी थांबतो. स्वामींना शरीर ही पहिली पायरी होती.

वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनिया राज्यात हर्नडन नावाचे लहान शहर आहे. १८५७ साली वादळात आपल्या जहाजाबरोबर बुडालेल्या एका कप्तानाचे नाव त्याला दिले आहे. डलेस विमानतळ अगदी जवळ, आणि २०२२ पासून तेथे मेट्रोही जाते. संगणकाच्या कामामुळे त्या भागात हिंदी कुटुंबे पुष्कळ आहेत, मराठीही आहेत. माझ्या मावसबहिणीची मुलगी तेथे असते आणि जवळच्या कॉलेजात शिकते. (आपल्याकडे कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा, तेथे ते शाळेनंतरचे, हे वाचकांना ठाऊक आहेच.) तिने योग आणि पिलाटेस हा नवशिक्यांचा विषय घेतला. पहिले काही दिवस नुसते चटईवर पडून श्वास कसा चालतो ते पाहायचे. मग भुजंगासन, हलासन, धनुरासन, पण इंग्रजी नावांनी, म्हणजे नाग, नांगर आणि धनुष्य. नंतर पिलाटेसचा तो शंभराचा व्यायाम. उताणे पडून पाय उचलायचे, हात शंभर वेळा खालीवर करायचे, पाच मात्रा श्वास आत, पाच मात्रा बाहेर. तासाच्या शेवटी शवासन. आणि सत्राच्या शेवटी परीक्षा, गुण, सर्व काही. तिला नवल वाटले ते परीक्षेचे. योगाची परीक्षा घ्यावी ही कल्पना कोणाची, असे तिने फोनवर विचारले. मी तिला लोणावळ्याची गोष्ट सांगितली.

त्या वर्गात जे शिकवले जाते ते सारे लोणावळ्याहून गेले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचे शिष्य, पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार, वर उल्लेखलेले श्रीयोगेंद्र, अशा अनेक वाटांनी योग पश्चिमेला गेला. लगोलग एका आसनातून दुसऱ्यात जाण्याची जी पद्धत आज दिसते ती कुवलयानंदांची नव्हे. पण योग हा वर्गात शिकवण्याचा, क्रमाने वाढवण्याचा, मोजून पाहण्याचा विषय आहे, हे त्यांनी जितक्या चिकाटीने रुजवले तितके दुसऱ्या कोणी नाही. त्यांचा अभ्यासक्रम पाहिला म्हणजे शिक्षकाचा हात कळतो. धडधाकट माणसासाठी पूर्ण क्रम वेगळा, अशक्त माणसासाठी लहान क्रम वेगळा. पुरे शलभासन जमत नसेल त्याने अर्धशलभासन करावे, अर्धमत्स्येंद्रासनाचा पीळ ज्याला झेपत नाही त्याने वक्रासनापासून सुरुवात करावी. कोणत्या विकारात कोणते आसन टाळावे तेही सांगितलेले. शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्हाला सोप्याकडून अवघडाकडे हे सूत्र घोकवून घेतात. स्वामींनी ते माणसाच्या सांध्यांना लावले.

१९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या सरकारच्या रोषाने एकदा त्यांचे कॉलेज गेले होते, त्याच इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर सर्व शाळांतील मुलांच्या शरीराची काळजी वाहण्याचे काम त्यांना मिळाले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यास गोवर्धनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. तेथे योगाचे शिक्षक तयार होऊ लागले. पुढे रुग्णालयही निघाले. दमा, मधुमेह, पोटाचे जुने विकार यांचे रोगी तेथे येत. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक भारत सरकारच्या आरोग्यखात्याने छापले. त्याशिवाय आसने आणि प्राणायाम ही त्यांची दोन पुस्तके घरोघर गेली. जुने हठयोगाचे ग्रंथ शुद्ध करून छापण्याचे कामही आश्रमात चालले होतेच, शंकरशेट शिष्यवृत्तीचा संस्कृत विद्यार्थी तेथे जागा होता.

त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले, असे नाही. शरीरातील ग्रंथींवर आसनांचा परिणाम कसा होतो याविषयी त्यांनी जे लिहिले, त्यांतील बरेच काही आजचे वैद्यक जसेच्या तसे मानीत नाही. दोनचार विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगावरून सर्व मनुष्यजातीबद्दल बोलता येत नाही, असेही आजचा शास्त्रज्ञ म्हणेल. ते खरेच आहे. पण त्यांच्या आकड्यांना चूक म्हणण्यासाठी आकडेच लागतात, आणि ती सवय योगाच्या क्षेत्रात त्यांनीच लावली.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. आश्रमाची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी उचलली. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, न्यूयॉर्कला जोसेफ पिलाटेस वारला. त्याच्या नावावरून पुढे अमेरिकेत मोठा खटला झाला. पिलाटेस हे नाव एका कंपनीच्या मालकीचे की सर्वांचे? २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला की ते नाव आता सर्वांचे आहे, कोणाची खाजगी मालमत्ता नाही. योगाच्या बाबतीत तसा प्रश्न कैवल्यधामाने कधी उपस्थित केला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा योगदिन ठरवला, आणि २०१५ पासून तो आपल्या बेटावरही साजरा होतो. भारताच्या टपाल खात्याने २०१९ साली देशी उपचारपद्धतींतील नामवंतांची तिकिटे काढली, त्यांत स्वामी कुवलयानंद आहेत.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता पूर्वजांचे गाव शोधण्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जातात. मुंबईला उतरल्यावर एखादा दिवस मोकळा असला तर पुण्याकडे जाणारी गाडी धरावी. घाट चढून वर आले की लोणावळा स्टेशन लागते. तेथे बहुतेक प्रवासी चिक्कीची पुडी घेण्यासाठी उतरतात. चिक्की जरूर घ्यावी, आणि रिक्षावाल्याला कैवल्यधाम म्हणून सांगावे.